बाही

रेळेकरांच्या निळ्या वहीत माझं एक पान आहे.
छाती, कंबर, पाठ, सगळे आकडे
खोडून खोडून वाढत गेलेले.
बाहीपुढे मात्र ब्याऐंशी सालापासून
एकच : दहा इंच.

"दहाच ना, काकू?"
वडलांसारखंच विचारतात, मान वर न करता.
मी म्हटलं, "बाही नको."
"म्हणजे छोटी?"
"म्हणजे नकोच."
मशीन थांबलं. रविवार पेठेत
एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.
मग बाहेर कुणीतरी हॉर्न दिला.
"काकू, वयाप्रमाणे दंड जरा…"
पुढचा शब्द त्यांना सापडेना.
"लोंबतो," मी सुचवलं.
"माझ्याच खांद्याला लावलाय. मला माहीत आहे."

कापड खणाचं, डाळिंबी.
लक्ष्मी रोडवरच्या मुलाने आधी करडं काढलं, मग शेवाळी,
मग राखाडीतलेच चार प्रकार.
"तुमच्यासाठी सोबर बरं, मावशी."
जशी काही मी रोज पिऊन येते.

एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते.
कानाला हेडफोन, अंगावर फिकं काहीतरी.
सांगलीचे अडते, नागपूरचे वकील
माझ्या आवाजाला पंचविशीची समजत राहिले
निवृत्तीच्या आठवड्यापर्यंत.
आवाजाला बाही नसते.

ब्लाउज घालून आरशापुढे उभी राहिले
तर दंडावर दहा इंचांवर एक रेघ :
खाली उन्हानं रापलेली मी,
वर ब्याऐंशी सालची,
गोरी नव्हे, पण न वापरलेली.
तिथेच देवी काढल्याच्या दोन खुणा,
जुन्या चार आण्यांएवढ्या.
शाळेच्या रांगेत मी रडले नव्हते म्हणे.
हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही,
त्या दोघी सोडून.

खोटं कशाला बोलू, शाल घेतली.
दोन जिने उतरले. परत चढले.
शाल खुर्चीवर टाकली.
ह्यांनी पेपर खाली केला, बघितलं,
म्हणाले, "थंडी वाजेल."
मे महिना होता.

कार्यालयात भाची धावत आली,
"मामी, किती ब्रेव्ह गं तू!"
अगं, ब्लाउज आहे.
सीमेवर नाही चालले.
वन्सं म्हणाल्या, "तुला आवडतं ना, मग घाल हो."
त्या 'हो'मध्ये
आमच्या सासरच्या चार पिढ्या दाटीवाटीनं बसलेल्या.
पण मठ्ठ्याच्या रांगेत मागून
पाठीवरच्या काठाला दोन बोटं लागली,
आणि अगदी हळू :
"शिलाई किती घेतो?"

येताना रिक्षा नळ स्टॉपला अडकली.
शेजारी स्कूटीवर एक पोर,
तोंडाला ओढणी, हाताला खांद्यापर्यंत पांढरे मोजे,
डोळे तेवढे उघडे.
माझ्याकडे बघत राहिली.
मी रिक्षाच्या दांडीला धरलेलं,
दंड आपला इंजिनाबरोबर थरथरतोय.
"आजी, टॅन होईल."
"होऊ दे, बाळ. तेवढंच राहिलंय."
ती हसली असावी,
ओढणी थोडी हलली.

रेळेकरांनी उरलेलं कापड
पिशवीत टाचणी लावून दिलं होतं.
दोन बाह्या, बेतलेल्या, न शिवलेल्या.
"असू द्यात, काकू. लागल्याच तर."
एक अजून कपाटात आहे.
दुसरी ह्यांनी घेतली, न विचारता,
चष्मा पुसायला.
रोज सकाळी डाळिंबी कापडानं
काचा घासतात, उजेडाकडे धरून बघतात,
चष्मा घालतात,
मग माझ्याकडे बघतात.

अजून काही म्हणाले नाहीत.